अपूर्ण कथेचे भविष्य आणि वाचकाचा तर्क

अपूर्ण राहिलेल्या कलाकृतीत पुढे काय घडले असते, हा प्रश्न आपल्या टीकाविचारात फारसा प्रतिष्ठित नाही. कलाकृती जेवढी हाती आहे तेवढीच खरी. जी पाने निर्माणच झाली नाहीत त्यांविषयी बोलणे टीकेच्या सदरात येत नाही, असा दंडक आपण मानीत आलो आहोत. सामान्यतः तो योग्यच आहे. परंतु जी कथा वर्षानुवर्षे हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होते, तिच्या वाचकाला हा दंडक लावता येईल काय, याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका वाटते. असा वाचक दोन हप्त्यांच्या मधल्या काळातही एका अर्थी वाचीतच असतो. ‘करमणूक’ पत्राच्या पुढल्या अंकाची वाट पाहताना हरिभाऊंच्या वाचकांनी यमूचे आता काय होणार याची चिंता केली नसेल, असे कोण म्हणेल? ही चिंता वाचनाबाहेरची नव्हे. तिच्यात वाचकाने कथेचा कोणता अर्थ लावला आहे, हेच प्रकट होत असते.

हा प्रश्न आज एका जपानी चित्रकथेने विशेष तीव्रतेने पुढे आणला आहे. केंतारो मिउरा यांची ‘बर्सर्क’ ही कथा १९८९ च्या ऑगस्टमध्ये ‘मंथली अ‍ॅनिमल हाउस’ या मासिकात सुरू झाली आणि १९९२ पासून ‘यंग अ‍ॅनिमल’ या नियतकालिकात चालू राहिली. जपानीत चित्रकथेला ‘मांगा’ म्हणतात. परंतु ती केवळ बालरंजनाची वस्तू आहे, हा समज तेथे केव्हाच मागे पडला आहे. २००२ मध्ये या कृतीला तेझुका ओसामू यांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या सांस्कृतिक पुरस्काराने गौरविण्यात आले. ६ मे २०२१ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, मिउरा यांचे महाधमनीच्या विकाराने आकस्मिक निधन झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ३६४ वे प्रकरण प्रसिद्ध झाले. कथा संपली नव्हती. आणि बत्तीस वर्षे तिच्या शेवटाविषयी तर्क करीत आलेला, जपानात व जपानबाहेर पसरलेला वाचकवर्ग एकाएकी निराधार झाला.

कथेचा गाभा थोडक्यात सांगितला पाहिजे. फाशी गेलेल्या आईच्या प्रेतापासून जन्मलेला गट्स हा भाडोत्री योद्धा ग्रिफिथ नावाच्या तेजस्वी सेनानीच्या तुकडीत येतो. त्याला प्रथमच माणसांचा आधार मिळतो; आणि हाच ग्रिफिथ पुढे स्वतःच्या स्वप्नासाठी साऱ्या तुकडीचा बळी देऊन अमानुष सामर्थ्य मिळवितो. गट्स व त्याची प्रिया कास्का एवढीच त्या संहारातून निसटतात. कास्का मात्र बुद्धिभ्रष्ट होते. त्यापुढची कथा ही सूड आणि संगोपन यांच्यामध्ये ओढल्या जाणाऱ्या माणसाची कथा आहे. तिच्या मुळाशी ‘इंगा’ ही कल्पना आहे. बौद्ध ग्रंथांतील हेतुफलाची कल्पना चिनी भाषांतरांच्या द्वारे जपानात पोचली, तिचेच हे जपानी रूप. जे घडते ते घडणारच होते, असे या कथेतील अमानुष शक्ती सांगतात. आणि नायकाची ओळख मात्र ‘धडपडणारा’ अशी करून दिली जाते.

वाचकांचे तर्क तपासू लागलो म्हणजे त्यांत दोन जाती स्पष्ट दिसतात. पहिल्या जातीचा तर्क घटनेविषयीचा असतो : गट्स ग्रिफिथला मारील काय? चंद्रप्रकाशात येणारा तो मुका मुलगा कोण? कवटीचे शिरस्त्राण घातलेला तो सरदार म्हणजे पुराणा सम्राट गायसेरिक काय? या तर्काला उत्तर मिळाले की तो विरून जातो. दुसऱ्या जातीचा तर्क कृतीच्या घाटाविषयीचा असतो. गट्स जे चिलखत घालून लढतो ते त्याला अमानुष बळ देते, परंतु त्याची इंद्रिये हळूहळू हिरावून घेते. ज्या वाचकाच्या हे ध्यानात आले, तो ‘गट्स जिंकेल काय’ असे विचारीत नाही. ‘जिंकला तर विजय अनुभवण्याजोगे त्याच्याजवळ काय उरेल’ असे विचारतो. हा तर्क नव्हे, ही टीकाच होय. त्या मुलाविषयीचा तर्कही पुष्कळ वाचकांच्या बाबतीत याच जातीचा होता. सूडाचा विषय आणि वात्सल्याचा विषय एकाच देहात एकत्र येणे ही या रचनेची आंतरिक निकड आहे, हे त्यांनी आधीच ओळखले होते. ३६४ व्या प्रकरणाच्या अखेरीस त्या मुलाच्या ठिकाणी ग्रिफिथ उभा राहतो आणि त्याच्या डोळ्यांत अश्रू दिसतात, तेव्हा त्यांच्या वाचनाला लेखकाकडूनच पुष्टी मिळाली.

मिउरांच्या मृत्यूनंतर मात्र या तर्काचे स्वरूपच पालटले. जून २०२२ मध्ये प्रकाशकांनी जाहीर केले की, कथा पुढे चालविली जाईल. चित्रे मिउरांचे साहाय्यक, म्हणजे ‘स्टुडिओ गागा’ हा चमू, काढील आणि देखरेख मिउरांचे तरुणपणापासूनचे स्नेही व स्वतः चित्रकथाकार असलेले कौजी मोरी करतील. सुमारे तीस वर्षांपूर्वी मिउरांनी आपणास सारी कथा शेवटपर्यंत सांगितली होती, असे मोरी यांनी निवेदन केले. मिउरांनी जे सांगितले तेवढेच आपण देऊ, पदरचे काही घालणार नाही आणि जे स्पष्ट आठवत नाही ते गाळू, अशी मर्यादाही त्यांनी स्वतःवर घालून घेतली.

भारतीय वाचकाला येथे बाणभट्टाच्या ‘कादंबरी’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. सातव्या शतकात बाण कथा अर्धी टाकून गेला आणि त्याच्या पुत्राने, भूषणभट्टाने, ती पुरी केली. कथा खंडित झाल्याचे सज्जनांचे दुःख पाहून आपण हे काम अंगावर घेतले, कवित्वाच्या गर्वाने नव्हे, असे तो आरंभीच सांगतो. मोरी यांच्या निवेदनाची आणि या उद्गारांची भूमिका एकच आहे. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराला नाव दिले तो ग्रंथच दोन हातांचा आहे, हे आपण सहसा विसरतो. तथापि परंपरेने पूर्वभाग आणि उत्तरभाग हा भेद पुसला नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. पाश्चात्त्यांत याच्या उलट उदाहरण डिकन्सचे. १८७० मध्ये तो वारला तेव्हा ‘एडविन ड्रूड’च्या बारा नियोजित भागांपैकी सहाच लिहून झाले होते. १९१४ मध्ये लंडनमध्ये डिकन्सच्या चाहत्यांनी कथेतील जॉन जॅस्परवर खुनाचा लुटुपुटीचा खटला चालविला. न्यायाधीशाच्या आसनावर चेस्टरटन होते आणि ज्यूरीचे प्रमुख बर्नार्ड शॉ.  तेथे तर्क मोकळा राहिला आणि तो आजवर जिवंत आहे.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. मोरींची आठवण प्रामाणिक आहे, याविषयी संशय घेण्याचे कारण नाही. परंतु आठवण कशाची असते? कथानकाची. ‘बर्सर्क’चे सामर्थ्य कथानकात सामावलेले नव्हते. एकेका रेषेने उभारलेला अंधार, युद्धाच्या गर्दीत मध्येच येणारे निःशब्द पान, राक्षसी आकाराशेजारी रेखाटलेला क्षुद्र मानवी चेहरा, यांतून तिचा अनुभव सिद्ध होत असे. शिवाय लेखकाचा संकल्पही स्थिर नसतो, याचा पुरावा याच कृतीत आहे. ८३ वे प्रकरण नियतकालिकात छापले गेले होते. त्यात माणसांच्या दुःखाला कारण हवे या इच्छेतूनच जन्मलेल्या एका आदितत्त्वाचे दर्शन होते. मिउरांनी ते प्रकरण पुस्तकरूप आवृत्तीतून वगळविले. एवढे स्पष्ट सांगणे कथेच्या पुढल्या शक्यता आखडून टाकील, असे त्यांना वाटले. जो लेखक छापलेले पानसुद्धा मागे घेतो, त्याने तीस वर्षांपूर्वी मित्राला सांगितलेला आराखडा हाच त्याचा अंतिम शब्द, असे कसे मानावे? स्थूल रूपरेषा तीच राहिली असेलही. परंतु कलाकृतीत रूपरेषेपेक्षा तीवर पडणारा भार महत्त्वाचा असतो, आणि तो भार हात कागदावर चालू असतानाच ठरतो.

म्हणून ३६५ व्या प्रकरणापासूनच्या भागाकडे आपण कसे पाहावे? त्यात ग्रिफिथ कास्काला घेऊन जातो, गट्सचा प्रहार निष्फळ ठरतो आणि धडपडणे हेच ज्याचे नाव तो नायक हतबल होऊन शत्रूच्या हाती सापडतो. काही वाचकांनी हा भाग नाकारला, काहींनी तो कृतज्ञतेने स्वीकारला. आमच्या मते तो उत्तरभाग म्हणून वाचावा : आदराने, परंतु सांधा न विसरता. प्रकाशकांनीही मूळ कृती मिउरांची, चित्रे स्टुडिओ गागाची आणि देखरेख मोरींची, असा श्रेयांचा स्पष्ट विभाग करून हा सांधा उघडा ठेवला आहे, हे उचितच झाले. उत्तरभाग आपल्याला काय घडले ते सांगेल. ते कसे घडले असते याचे ज्ञान आता कोणाजवळच नाही.

त्यामुळे वाचकाच्या तर्काचे काम संपले, असे आम्हांस वाटत नाही. घटनेविषयीचा तर्क कदाचित लवकरच निकालात निघेल. घाटाविषयीच्या तर्कावर मात्र आता अधिक मोठी जबाबदारी आली आहे. येणारे प्रत्येक प्रकरण पूर्वभागातून उगवते की केवळ आठवणीतून उतरते, हे त्यालाच पारखावे लागेल. शिवाय या कथेचा नायक आयुष्यभर एकाच गोष्टीशी झगडत आला आहे : पुढले सारे आधीच ठरलेले आहे, या वचनाशी. त्याची कथा तीस वर्षांपूर्वी ठरली होती म्हणून तशीच संपली पाहिजे, असा आग्रह त्याच्याच वाचकांनी धरावा, हे त्या कथेच्या मर्माशी विसंगत होईल. शेवट कळावा ही इच्छा स्वाभाविक आहे आणि तिचा उपहास कोणी करू नये. परंतु बत्तीस वर्षे ज्यांनी या कथेविषयी तर्क केला, त्यांना तो तर्क करायला लावणारी पाने पूर्ण आहेत. आणि त्यांचे वाचन अजून अपुरेच आहे.