खोकं हलकं, ठोका भारी

"काय उचलता तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"संगीत," मी म्हटलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. मणक्यांमधलं अंतर कमी झालंय म्हणाले. मग माझ्याकडे संशयानं बघत, "संगीतानं एवढं होत नाही हो. वीणा घेऊन उभे राहता की काय सप्ताहात?"

"बेस गिटार वाजवतो. ऑर्केस्ट्रात."

"ती किती जड असते?"

"ती चारच किलो. तिचं खोकं ४७ किलोचं आहे."

आकडा अंदाजपंचे नाही. आमच्या खालच्या भंगारवाल्याच्या काट्यावर रीतसर करून घेतलेला आहे. (त्यानं तिथल्या तिथे भावही सांगितला होता.) डॉक्टरांनी औषधं लिहिली, पट्टा लिहिला आणि कागदाच्या खाली लाल शाईनं अधोरेखित करून लिहिलं : वजन उचलणे बंद. आता आमची इमारत डोंबिवलीतली, तिसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणजे या ओळीचा सरळ अर्थ 'वाजवणे बंद' असा होता. एकोणसत्तराव्या वर्षी माणसाकडून बरंच काही काढून घेतात, साखर, मीठ, स्कूटरची किल्ली. त्याबद्दल मी तक्रार केली नव्हती. पण हे जरा जास्तच झालं.

बेसवाल्याचं दुःख बाकीच्यांना कळत नाही. बासरीवाला शबनम पिशवीतून वाद्य काढतो. गायिका तर नुसतीच येते. बेसवाला मात्र कार्यक्रमाआधी दोन तास हमाल असतो आणि कार्यक्रमानंतर एक तास पुन्हा हमाल असतो. मधल्या वेळात तो कलावंत असतो आणि तेव्हा त्याच्याकडे कुणी बघत नाही.

गंमत अशी, की या वाद्याचा जन्मच मुळी वजनाच्या त्रासातून झालेला. पूर्वी हे काम कपाटाएवढ्या डबल बेसकडे होतं. ते धूड गावोगाव न्यायचं म्हणजे शिक्षा. १९५१ साली लिओ फेंडर या अमेरिकन गृहस्थानं 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. गळ्यात अडकवा आणि चला. सुटलो, असं वाजवणाऱ्यांना वाटलं असणार. पण वजन कुठे जातं? गिटारातून निघालं ते खोक्यात जाऊन बसलं. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते, आणि त्या स्वराची हवेतली एक लाट सव्वाआठ मीटर लांब असते. म्हणजे आमच्या घरात ती तिरकी धरली तरी मावणार नाही. असली लाट हलवायची तर भरपूर हवा ढकलावी लागते, त्यासाठी मोठे स्पीकर, त्यासाठी मोठं खोकं. १९६९ साली अँपेग कंपनीनं ३०० वॅटचा अँप्लिफायर काढला आणि त्याच्याखाली दहा-दहा इंची आठ स्पीकरांचं खोकं. त्याला जगभरचे बेसवाले 'फ्रिज' म्हणतात. वजन ६४ किलोच्या आसपास. खाली चाकं, मागे टॉवेल वाळत घालायला असते तशी दांडी. आवाज असा, की पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाची पँट हलते.

आमचं खोकं हे त्या फ्रिजचं गरीब भावंड. १९८६ साली एका सुतारानं केलेलं. तो कपाटं करायचा, त्यामुळे त्यानं ते कपाटाच्याच निष्ठेनं केलं. पाऊण इंची बोर्ड, आत पंधरा इंची स्पीकर, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या आणि दोन बाजूंना दोन हँडलं. उजवं माझं, डावं आमच्या ढोलकवाल्याचं. छत्तीस वर्षं ते खोकं आम्ही दोघांनी उचललं. गणपती, नवरात्र, लग्नं, बँकांची स्नेहसंमेलनं. जिन्याच्या वळणावर तो "थांब" म्हणायचा आणि मी थांबायचो, एवढंच आमचं संभाषण. गेल्या काही वर्षांत त्याची बायपास झाली आणि त्याच्याही कागदावर तीच ओळ आली. तेव्हापासून दोन्ही हँडलं माझ्याकडे होती. पुढचं एक्स-रेत दिसलं.

तेव्हा नवं खोकं घेणं आलं. हलकं हवं आणि आवाज दणकट हवा. हे बोलायला सोपं आहे. आपल्या समीक्षकांना विचारा. कादंबरी 'वजनदार' म्हणजे चांगली, आणि 'हलकीफुलकी' म्हणजे वाचून झाल्यावर शेजाऱ्यांना द्यायची, असा आपला पूर्वापार हिशोब. ढोलकवाल्याचंही हेच मत. "अरे, वजनातच आवाज असतो. हलक्या भांड्यात भात करपतो."

भाच्याला फोन केला. तो बाणेरला संगणकात असतो आणि त्याला सगळं माहीत असतं. तो म्हणाला, "मामा, हॉफमनचा नियम माहितीये का?" मला फक्त आमच्या सोसायटीचे नियम माहीत होते. मग त्यानं सांगितलं. अमेरिकेत केएलएच नावाची स्पीकर कंपनी होती, तिच्या नावातला शेवटचा 'एच' म्हणजे हे हॉफमन. त्यांचं म्हणणं असं : खोकं लहान हवं, खर्ज खोल हवा आणि थोड्या विजेत मोठा आवाज हवा, या तिन्हींपैकी दोनच मिळतील. मला ताबडतोब पटलं. दादरला जागा, मोठी जागा आणि परवडणारी जागा या तिन्हींपैकी दोनच मिळतात, म्हणून तर मी डोंबिवलीत आहे.

पण नीट ऐकलं तर या नियमात किलो कुठेच नाहीत, हे माझ्या कमरेनं बरोब्बर टिपलं. नियम लहान-मोठ्याबद्दल आहे, हलक्या-जडाबद्दल नाही. मोठं पण हलकं खोकं असू शकतं. वजन दोन ठिकाणी दडलेलं असतं, लोहचुंबकात आणि लाकडात. जुन्या स्पीकरच्या पाठीला फेराइटचा जातं वाटावं एवढा चुंबक. १९८२च्या सुमारास जपानात आणि अमेरिकेत निओडिमियमचा चुंबक निघाला. तो बशीएवढा असून तेवढंच ओढतो, त्यामुळे अख्ख्या स्पीकरचं वजन अर्ध्यावर येतं. (किमतीत मात्र तो हलका नाही. २०११ साली चीननं निर्यात आवळली तेव्हा त्याचे भाव कांद्यासारखे चढले होते.) आणि लाकूड म्हणाल, तर पाऊण इंची बोर्डाऐवजी पातळ पॉप्लर प्लायवूड घ्यायचं आणि आतून मांडवाच्या बांबूंसारखे आडवे-उभे टेकू द्यायचे. खोक्याची भिंत थरथरली की आवाजातला जोर तीच खाऊन टाकते. तिनं गप्प बसावं एवढंच काम. मग ती जाडीनं गप्प बसो की टेकूनं. आमच्या सुतारानं ती जाडीनं गप्प बसवली होती, बिल माझ्या कमरेला आलं.

दुकानात तिघं गेलो : मी, भाचा आणि आग्रहानं नेलेला ढोलकवाला. तो दाराशीच हात मागे बांधून उभा राहिला, मुलगी बघायला आलेल्या नाराज काकांसारखा.

दुकानातला मुलगा पहिल्याच वाक्यात "पाचशे वॅट आहे सर" म्हणाला. या वॅटबद्दल एकदा बोललंच पाहिजे. खोक्यावरचे वॅट म्हणजे ते किती खाऊ शकतं त्याचा आकडा. किती काम करतं त्याचा नव्हे. आमच्या कचेरीत पाचशे वॅट खाणारे कितीतरी साहेब होते. बघायचा आकडा दुसराच, तेवढ्याच विजेत आवाज किती डेसिबल निघतो तो. तीन डेसिबलचा फरक किरकोळ वाटतो, पण तेवढा भरून काढायला अँप्लिफायर दुप्पट ताकदीचा लागतो. आणि दुप्पट ताकदीनं कानाला दुप्पट ऐकू येतं म्हणावं तर तेही नाही. त्यासाठी दहापट लागते. निसर्गानं इथे चक्रवाढ व्याज उलटं लावलंय. एक दिलासा असा, की हल्लीचे अँप्लिफायर पोळपाटाएवढे असतात, अडीच-तीन किलोत पाचशे वॅट देतात. लहान खोक्यानं वीज थोडी वाया घालवली तर घालवू दे, ती जिन्यावरून उचलावी लागत नाही.

पहिलं खोकं दहा इंची, एकाच स्पीकरचं. उचललं तर हातात जेवणाच्या डब्यासारखं आलं. आवाज स्वच्छ, सभ्य, प्रत्येक स्वर वेगळा. व्याख्यानमालेतल्या वक्त्यासारखा. मी खूश. तेवढ्यात शेजारच्या दालनात कुणीतरी ड्रमवर बसला आणि वक्ता गायब. ओठ हलताहेत, शब्द नाही. घरात रियाजाला उत्तम. नवरात्रात चिरडून जाईल.

दुसऱ्यात बारा इंची स्पीकर आणि पुढे एक भोक. बाटलीच्या तोंडाशी फुंकर मारल्यावर ती घुमते, तसं हे भोक खर्जाला मदत करतं. हे असलं घुमलं, की काउंटरवरच्या पावत्या हलल्या. भाचा "वा" म्हणाला. मला मात्र शंका आली, कारण त्या मुलानं ते बरोब्बर कोपऱ्यात ठेवलं होतं. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज फुकट वाढवतात. न्हाणीघरात प्रत्येकजण गवई होतो त्यातलाच प्रकार. "मधे आण रे जरा," म्हटलं. मधे आणल्यावर निम्मं घुमणं गळालं. पण उरलं ते महत्त्वाचं होतं. त्याला टोला होता.

आता टोला म्हणजे काय, हे इथे सांगितलं पाहिजे, कारण पुष्कळ लोक घुमण्यालाच टोला समजतात. मिरवणुकीतली ती स्पीकरची भिंत घुमते. पोटात कालवाकालव होते, पण ठेका कुठे आहे ते कळत नाही. उलट डग्ग्यावर चांगल्या वादकाची थाप पडली, की आवाज येतो, भरतो आणि वेळेवर जातो. वेळेवर जाणं हे निम्मं काम. बेसच्या बाबतीत हा टोला अगदी तळाच्या ४१ मध्ये नसतोच. तो वर, शंभर-दोनशेच्या घरात असतो. तळाचा स्वर पुष्कळदा कान स्वतःच भरून घेतो. वरचे संवादी स्वर ऐकू आले की मेंदू खालचा स्वर गृहीत धरतो. माझा स्वतःचा पुरावा आहे. पंचमच्या गाण्यांतले बेसचे तुकडे मी विविधभारतीवर, तळहाताएवढ्या ट्रान्झिस्टरवर ऐकून बसवले. त्या बिचाऱ्याच्या तीन इंची स्पीकरला तो खर्ज जन्मात काढता आला नसता. तरी मी तो ऐकला, आणि त्यावर आयुष्य काढलं.

तिसऱ्या खोक्यात दहा इंची दोन स्पीकर होते. टोल्याला दुसऱ्याहून सरस, खोटं कशाला बोला. पण वजन १९ किलो. मी दोन बोटं हँडलाला लावली आणि कमरेनं आतून 'थांब' म्हटलं.

शेवटी दुसरंच घेतलं, पण जोडीनं. एकेक साडेबारा किलोचं. लहान कार्यक्रमाला एक न्यायचं, मोठ्याला दोन. आठ-आठ ओमची दोन जोडली की चार ओम होतात, अँप्लिफायर मोकळा होतो, आवाज चांगला सहा डेसिबलपर्यंत वाढतो. (तुमचा अँप्लिफायर चार ओमला चालतो की नाही ते आधी विचारून घ्या; माझ्या ओळखीच्या एकानं नंतर विचारलं.) दोन्ही शेजारी-शेजारी मांडू नयेत, एकावर एक ठेवावीत. म्हणजे आवाज बाजूंनाही नीट पसरतो आणि वरचं खोकं वाजवणाऱ्याच्या कानाजवळ येतं. इतकी वर्षं माझं खोकं माझ्या गुडघ्यांना गाणी ऐकवत होतं. त्यांनाही ती फारशी आवडली नसावीत. आणि जिन्यावर दोन हातांत दोन, कावडीसारखी. तोल सांभाळला जातो. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, एकेक करून न्या. ठीक आहे, दोन खेपा.

दोष? आहेत. पँट हलत नाही. जोरात वाजवलं की खोकं स्टेजवर हळूहळू चालायला लागतं, म्हणून खाली रबरी पायपुसणं घालतो. आणि फार रेटलं तर तळाचे स्वर आधी दम टाकतात. तेव्हा अँप्लिफायरवरचं बासचं बटण मागे घ्यावं लागतं, ज्यानं अहंकार दुखावतो पण स्पीकर वाचतो. सुताराच्या खोक्यात एक ऐसपैसपणा होता, जेवण झाल्यावर सतरंजीवर आडवं व्हावं तसा. तो यात नाही. हे कामाला आलेलं खोकं आहे.

ढोलकवाला दुकानात शेवटपर्यंत काही बोलला नव्हता. पैसे देताना तो पुढे आला, त्यानं एक खोकं एका हातानं उचललं, पुन्हा ठेवलं आणि म्हणाला, "मग आता माझं काय काम?"

मला उत्तर सुचलं नाही. भाचा म्हणाला, "काका, तुम्ही हॉलमध्ये मागे उभं राहून सांगा ना, टोला पोचतो का ते. मामांना स्टेजवरून कळत नाही."

पुढच्या आठवड्यात तो पाना घेऊन घरी आला. जुन्या खोक्याचं डावं हँडल त्यानं खोललं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात घातलं. हिनं चहा दिला. खोकं आता गॅलरीत आहे, त्यावर तुळस ठेवली आहे. ही म्हणते, घरात एवढं भक्कम दुसरं काही नाही.

नव्या जोडीचा पहिला कार्यक्रम नवरात्रात झाला. दुसऱ्या गाण्याला मी मागे पाहिलं. शेवटच्या रांगेमागे, दाराशी, तो छातीवर तळहात ठेवून उभा होता. मी भुवई उडवली. त्यानं थोडा वेळ घेतला, मग हात वर करून 'जरा वाढव' अशी खूण केली. मी वाढवलं.

पुढच्या रविवारी ठाण्याला आहे. हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे म्हणे. लिफ्ट चालू आहे का, ते मी या वेळी विचारलंच नाही.