पुनःप्रयोग, लहान रंगगृह आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’

जुन्या ग्रंथाचे पुनर्मुद्रण आणि जुन्या नाटकाचा पुनःप्रयोग या दोन गोष्टी वरवर सारख्या भासल्या, तरी त्यांत मूलभूत भेद आहे. पुनर्मुद्रणात बदलतो तो केवळ वाचक. पुनःप्रयोगात मात्र संहिता तेवढी स्थिर राहते. नट, वास्तू, प्रेक्षक आणि प्रेक्षकाच्या भोवतीचा समाज हे सारेच बदललेले असते. म्हणून प्रत्येक पुनःप्रयोग ही त्या नाटकाची नव्याने घेतलेली परीक्षा असते, आणि त्या परीक्षेत नाटकाचा कोणता भाग काळाबरोबर गळून पडला व कोणता शिल्लक उरला, हे उघड होते. विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते प्रथम रंगभूमीवर आणले आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. त्यानंतर अनेक भाषांत व अनेक संचांत ते होत आले आहे. आज एखाद्या लहान रंगगृहात ते पाहावयास जाणाऱ्या प्रेक्षकाला त्यातून नेमके काय मिळते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

प्रथम वास्तूचा विचार केला पाहिजे. मराठी प्रायोगिक रंगभूमीला लहान जागेचे वावडे कधीच नव्हते. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ने चालविलेली चळवळ, किंवा पुढील काळात पुण्याच्या सुदर्शन रंगमंचावर झालेले प्रयोग यांनी हे सिद्ध केले आहे. परंतु बहुतेक नाटकांच्या बाबतीत लहान जागा ही एक सोय किंवा अपरिहार्यता असते. ‘शांतता!’च्या बाबतीत ती नाटकाच्या आशयाचाच भाग होऊ शकते. याचे कारण असे की, या नाटकाचे स्थळ हेही एक साधे सभागृहच आहे. मुंबईहून आलेली एक हौशी नाटकमंडळी रात्रीच्या प्रयोगापूर्वी एका खेड्यातील सभागृहात वेळ काढीत आहे. मोठ्या नाट्यगृहातील कमानी रंगमंचावर प्रेक्षकाला या सभागृहाचे चित्र दिसते. लहान रंगगृहात तो त्या सभागृहातच बसलेला असतो. कडेला रचलेल्या खुर्च्या आणि स्वतःच्या बुडाखालची खुर्ची यांत त्याला फारसा फरक करता येत नाही.

या निकटतेचा सर्वांत मोठा लाभ दाराला होतो. नाटकाच्या आरंभीच कडीमुळे बेणारेच्या बोटाला दुखापत होते, आणि त्या कडीमुळे माणूस आत कसा अडकू शकतो हे सामंत भाबडेपणाने सांगतो. हा प्रसंग हलका, जवळजवळ विनोदी आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बेणारे निघून जाऊ पाहते तेव्हा तेच दार बाहेरून बंद झालेले असते. वाचताना ही योजना कदाचित बेतलेली वाटेल. पण ज्या खोलीत प्रेक्षकही त्याच भिंतींच्या आत आहे, तेथे तिची जात बदलते. बेणारे कोंडली गेली आहे ही केवळ माहिती राहत नाही. आपणही आत आहोत आणि आपण उठत नाही, ही जाणीव तिला चिकटते.

आता काळाचा प्रश्न. या नाटकाविरुद्ध आज घेतला जाणारा गंभीर आक्षेप असा की, त्यातील परिस्थिती कायद्याने मागे टाकली आहे. १९६७ मध्ये गर्भपात हा, स्त्रीचा जीव वाचविण्याचा अपवाद वगळता, दंडसंहितेनुसार गुन्हा होता. १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला; २०२१ च्या दुरुस्तीने त्याची व्याप्ती वाढली; आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांपर्यंत या तरतुदीचा समान लाभ मिळेल असा निर्णय दिला. ज्या दंडसंहितेचे कलम नाटकात उच्चारले जाते, तिची जागाही १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. मग हे नाटक एका संपलेल्या युगाचा दस्तऐवज म्हणूनच पाहावे काय?

असे पाहणे सुखावह आहे, आणि पुनःप्रयोगाचा खरा धोका या सुखातच आहे. वस्तुतः नाटकातील न्यायालय कायद्यावर कधीच उभे नव्हते. बेणारेवर खोटाखोटा आरोप ठेवला जातो तो भ्रूणहत्येचा, आणि कलम सांगितले जाते ते ३०२, म्हणजे खुनाचे. जुन्या दंडसंहितेच्या २९९ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात मात्र मातेच्या उदरातील अपत्याचा मृत्यू घडवून आणणे हा मनुष्यवध नव्हे, असे स्पष्ट म्हटलेले होते. म्हणजे आरोप पहिल्या क्षणापासूनच कायद्याबाहेरचा आहे. शेवटी काशीकर जी शिक्षा फर्मावतो, ती तर गर्भ नष्ट करण्याची. ज्या कृत्याचा आरोप, तेच कृत्य आता शिक्षा म्हणून सांगितले जाते, आणि त्या काळी ते कृत्य बेकायदेशीरच होते. या दोन टोकांतील विसंगती मंडळींपैकी कोणालाही जाणवत नाही. ज्याची वकिली चालत नाही तो सुखात्मे, इंटर नापास पोंक्षे, अपत्यहीन काशीकर दांपत्य, त्यांच्या आश्रयाने वाढलेला रोकडे यांना कायदा नको आहे; त्यांना हवा आहे कायद्याचा आवाज. कायदे बदलल्याने हा आवाज बंद होत नाही, आणि म्हणूनच नाटक कालबाह्य होत नाही.

काळाची खूण पुसून नाटक ‘आजचे’ करण्याचा मोह दिग्दर्शकाला होणे स्वाभाविक आहे. मंडळी त्या रात्री सादर करणार असतात तो अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावरील अण्वस्त्रांबद्दलचा अभिरूप खटला. आजच्या तरुण प्रेक्षकाला हे नाव इतिहासातील आहे, म्हणून ते बदलावे असे वाटू शकते. पण येथे घाई उपयोगाची नाही. नाटकात दोन पुरुषांवर खटला चालावयास हवा आणि दोघेही अनुपस्थित आहेत: एक जॉन्सन, दुसरा प्राध्यापक दामले. पहिला फार मोठा आहे, दुसरा प्रतिष्ठित आहे. सापडते ती समोर असलेली एकटी स्त्री. नाटकाच्या अखेरीस दार उघडते आणि मंडळी काहीच न घडल्यासारखी रात्रीच्या खेळाच्या तयारीला लागतात. दूरच्या बलाढ्यांवर खटला भरणारी आपली नैतिकता जवळच्या दुर्बळाशी कशी वागते, हा अर्थ या योजनेत आहे. नाव कोणतेही असो, हे अंतर राखले गेले पाहिजे.

लहान रंगगृहात अभिनयाची कसोटीही वेगळी लागते. काशीकराचे कान कोरणे, काशीकरबाईंचे मध्येच बोलणे, सामंताने खिशातल्या कादंबरीच्या आधारे रचलेली साक्ष यांवर पहिल्या दोन अंकांत प्रेक्षक हसतो, आणि जवळ बसलेल्याचे हसणे त्याला ऐकू येते. सामंताची ती काल्पनिक साक्ष सत्याच्या फार जवळ जाते तेव्हा हे हसू अडखळते. ते कोणत्या क्षणी थांबते, हे पुनःप्रयोगाच्या यशाचे सर्वांत विश्वसनीय माप मानता येईल. हसे फार लवकर थांबले तर नटांनी खलत्व आधीच दाखविलेले असते. थांबलेच नाही तर सारा खेळ प्रहसन होतो.

नाटकातील कठीण स्थळ म्हणजे बेणारेचे दीर्घ स्वगत. न्यायाधीश तिला निवेदनासाठी जेमतेम काही सेकंद देतो, इतर पात्रे निश्चल होतात, आणि ती बोलते ते कोणीच ऐकत नाही. या स्वगतातील भाषा नाटकाच्या इतर भाषेहून उंच स्वरात आहे, हा दोष नाकारता येणार नाही. मोठ्या नाट्यगृहात नटी ते टाळ्यांच्या दिशेने नेऊ शकते. लहान जागेत तसे केल्यास ते असह्य होते. तेथे ते हळू, जवळजवळ स्वतःशीच बोलावे लागते, आणि मग एक चमत्कारिक गोष्ट घडते: सभागृहात ते ऐकणारे फक्त प्रेक्षकच उरतात. आरोपीचे म्हणणे नोंदले गेले आहे ते केवळ त्यांच्यापाशी.

शेवटी सामंत एक हिरवा कापडी पोपट बेणारेजवळ ठेवून निघून जातो. ही कृती करुण आहे, पण ती न्याय नव्हे. तिला दार उघडून देणारे, तिच्या बाजूने एक शब्द बोलणारे कोणीही त्या मंडळींत नसते. चांगला पुनःप्रयोग प्रेक्षकाला सामंताच्या जागी नेऊन ठेवतो: कणव असलेला, पण काही न करणारा. खोलीबाहेर पडताना प्रेक्षकाचा हात त्याच दाराच्या कडीवर पडतो, आणि नाटक जुने झाले की नाही या प्रश्नाचे उत्तर त्याला तेथे मिळते.