पाणी कुणाचं, गणराज्य कुणाचं?

गरीब देश गरीबच का राहतात, यावर पुस्तकं लिहिणारे पंडित ढीगभर. राजधानीत उतरायचं, फायली चाळायच्या, परतीचं विमान पकडायचं. रॉबर्ट वेड त्यातला नव्हे. न्यूझीलंडच्या या अभ्यासकानं आंध्रात कालव्याच्या कडेला उभं राहून सरकार पाहिलं. म्हणून त्याच्याशी भांडावंसं वाटतं.

त्याचा १९८२ चा निबंध घ्या. कालव्याचा इंजिनियर शेतकऱ्याकडून, ठेकेदाराकडून पैसे खातो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. वेडनं पुढचा धागा ओढला. तो पैसा वर चढतो, मोठ्या साहेबाकडे, पुढाऱ्याकडे. मोक्याच्या जागेवरची बदली विकत मिळते. जागा विकत घेतली की वसुली आलीच. म्हणजे एकटा इंजिनियर नासका नाही, खुर्च्यांचाच बाजार भरलाय. भ्रष्टाचार म्हणजे माणसाचा स्वभाव, असं सांगणाऱ्यांची तोंडं या निबंधानं बंद केली. हे श्रेय मी त्याला मोकळ्या मनानं देतो.

मग १९८८ साली पुस्तक आलं, 'व्हिलेज रिपब्लिक्स'. कालव्याच्या शेपटाकडची गावं एकत्र येतात. पाणी वाटायला माणसं नेमतात. कापणीनंतर रानं मेंढपाळांना चारायला देऊन निधी उभा करतात. का? वेड म्हणतो, गावकीच्या प्रेमापोटी नव्हे, फायद्यापोटी. पाणी चुकलं तर पीक जातं, म्हणून. खेड्याच्या गोडव्याचं सोंग त्यानं स्वतःच फाडलं.

मग पुस्तकाला हे नाव कशाला?

हा शब्द गोऱ्या साहेबाचा. चार्ल्स मेटकाफनं १८३० साली भारतातल्या खेड्यांना छोटी गणराज्यं म्हटलं. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटना समितीत याच मेटकाफचा उतारा वाचला आणि नुसतं टिकून राहण्याला किंमत नाही, असं सुनावलं. ते चाळीस वर्षं आधी.

आता हिशोब बघा. कालव्याचं पाणी जमिनीला मिळतं. ज्याला जमीन आहे तो पाण्याचा वाटेकरी. ज्याला जमीन आहे त्याचा फायदा, म्हणून त्याची एकी. ज्याच्याकडे गुंठाभर नाही तो या एकीत कुठं बसतो? मजुरीला. दुसऱ्याच्या शेताला पाणी पाजायला. वेडच्या तर्कात खोट नाही. पण तो तर्क शेतमालकांचा मेळ समजावतो, गावाचा नाही. मालकांच्या मेळाला गणराज्य म्हणायचं तर सावकारांच्या पेढीलाही म्हणावं लागेल.

१९९० साली त्यानं 'गव्हर्निंग द मार्केट' लिहिलं. तैवान, कोरिया वर आले ते बाजार मोकळा सोडून नव्हे, सरकारनं बाजाराला वळण लावून. पटतं. पण तैवानात १९५३ साली कसणाऱ्याला जमीन मिळाली होती. कारखानदारीची मोठी झेप त्यानंतरची.

हा क्रम आंध्रातल्या त्या गावांपुढे ठेवा आणि मग सांगा, मुखपृष्ठावरचा शब्द टिकतो का?