'फनी गर्ल'चे नाक



मागच्या महिन्यात एका मोत्साए शब्बाथला, हवदाला झाल्यावर, माझी नात आणि मी एक जुना अमेरिकन चित्रपट पाहत बसलो. चित्रपटाचे नाव 'फनी गर्ल'. साल १९६८, दिग्दर्शक विल्यम वायलर, नायिका बार्बरा स्ट्रायसँड, नायक ओमर शरीफ. आपल्या वयाच्या पुष्कळांनी तो पाहिलेला असेल. गाणी तर ऐकलेली असतीलच.

तो लावण्यामागे माझा हेतू होता. नात वीस वर्षांची आहे. सैन्यसेवा नुकतीच पुरी झाली, एका कॅफेत काम करते आणि पगारातून थोडे थोडे बाजूला टाकते. ते नाकाच्या ऑपरेशनसाठी. हे नाक आमच्या घराण्याचे आहे. माझ्या वडिलांचे होते, माझे आहे, तिच्या आईचे आहे. मी रागावले नाही, पण गप्पही राहवेना. ती म्हणाली, "सावता, तुझ्या वेळी हे सहज होत असते तर तूही केले असतेस." मला लगेच 'नाही' म्हणता आले नाही. म्हणून म्हटले, आपल्यापैकीच एका बाईने आपले नाक घेऊन अमेरिका कशी जिंकली ते हिला दाखवावे.

चित्रपट संपला आणि माझ्या लक्षात आले की मी तिला अर्धीच गोष्ट दाखवली. चित्रपटानेही अर्धीच सांगितली आहे. उरलेली अर्धी इथे सांगते.

आधी चित्रपटाबद्दल. ही गोष्ट फॅनी ब्राइस या नटीची. ती खरोखर होऊन गेली. १८९१ साली न्यूयॉर्कमध्ये यहुदी घरात तिचा जन्म झाला. चित्रपट सुरू होतो तेव्हा फॅनी मोठी नटी झालेली आहे. रिकाम्या नाट्यगृहात येते, आरशासमोर उभी राहते आणि स्वतःलाच 'सुंदरी' म्हणून हाक मारते. त्या हाकेत थट्टा आहे आणि खालून दुखणेही आहे. मग आपण तिच्या लहानपणात जातो. आई आणि शेजारणी पत्ते खेळत बसल्या आहेत, आणि मुलगी देखणी नसेल तर तिने रंगभूमीचा नाद सोडावा असे गाण्यातून सांगत आहेत. शेजारणी वाईट नाहीत. त्यांना तिची काळजी आहे. आपल्याकडेही नाक-रंगाची चर्चा अशीच काळजीपोटी होत असे, नाही का?

पुढे फॅनी झीगफेल्डच्या कंपनीत येते. हा झीगफेल्डही खरा. त्याचे 'फॉलीज' १९०७ साली सुरू झाले, आणि अमेरिकन मुलीचा गौरव करणे हेच आपले काम, अशी त्याची जाहिरात असे. ही अमेरिकन मुलगी कशी असावी, हे त्याआधीच ठरून गेले होते. १८९० नंतरच्या वर्षांत चार्ल्स डाना गिब्सन नावाचा चित्रकार मासिकांतून शाईने स्त्रियांची चित्रे काढी. उंच बांधा, बारीक कंबर, लांब मान, वर बांधलेले दाट केस आणि लहान सरळ नाक. तिला 'गिब्सन गर्ल' म्हणत. देशभरच्या मुली तिच्यासारखे केस बांधू लागल्या. पण केस बांधता येतात, नाक कसे बांधणार? त्याच वर्षांत पूर्व युरोपातून यहुदी आणि इटलीतून इटालियन लोक बोटी भरभरून न्यूयॉर्कला उतरत होते. त्यांच्या मुली कारखान्यांत शिलाई करत आणि दुकानांवरच्या चित्रांत ही बाई पाहत. ती चित्रातली बाई त्यांच्यापैकी कोणाचीच बहीण दिसत नव्हती.

चित्रपटातला सर्वांत चांगला प्रसंग याच ठिकाणी येतो. झीगफेल्ड फॅनीला वधूचा वेश देऊन आपल्या सौंदर्याचे गाणे म्हणायला सांगतो. फॅनी नको म्हणते. लोक हसतील, हे तिला ठाऊक आहे. तो ऐकत नाही. मग ती पोशाखाच्या आत उशी बांधते आणि दिवस गेलेली वधू बनून मंचावर येते. लोक हसून हसून बेजार होतात. आजूबाजूला झीगफेल्डच्या सडपातळ मुली पुतळ्यासारख्या उभ्या, आणि मधे ही पोट सांभाळत गाणारी. माझी नात मोठ्याने हसली. मीही हसले.

पण नंतर विचार केला. फॅनीने काय केले? लोक हसणारच आहेत, तर त्यांच्याआधी आपण हसावे, म्हणजे हसण्याची दोरी आपल्या हातात राहील. ही हुशारी आहे, पण ही कमजोर माणसाची हुशारी आहे. त्या मंचावर सुंदर म्हणून उभे राहण्याची परवानगी तिला नव्हती, विनोदी म्हणून होती. तिने दार उघडले नाही, बाजूच्या खिडकीतून आत शिरली. चित्रपट हा प्रसंग विजय म्हणून दाखवतो. मला तो तडजोड वाटतो.

आता चित्रपटाची मोठी चूक. खऱ्या फॅनी ब्राइसने १९२३ साली आपले नाक कापून सरळ करून घेतले. वर्तमानपत्रांत त्याचा गाजावाजा झाला. तिला गंभीर नाटकांत कामे हवी होती आणि या नाकाने ती मिळणार नाहीत, असे तिला वाटत होते. चित्रपटात याचा एक शब्द नाही. तिथे फॅनी शेवटपर्यंत तेच नाक घेऊन गाते. कारणे समजण्यासारखी आहेत. चित्रपटाचा निर्माता रे स्टार्क फॅनीचा जावई होता, आणि सासूची गोष्ट जावई सांगतो तेव्हा काही पाने गळतातच. शिवाय स्ट्रायसँडच्या चेहऱ्यावर तो प्रसंग दाखवणार तरी कसा?

ऑपरेशनने फॅनीला काय मिळाले, हे अधिक बोलके आहे. गंभीर नटी म्हणून तिला मोठे नाव मिळाले नाही. लोकांना ती विनोदीच हवी होती. पुढे १९५१ साली वारेपर्यंत तिला जी सर्वांत मोठी कीर्ती मिळाली, ती रेडिओवर, 'बेबी स्नूक्स' नावाच्या खोडकर मुलीचा आवाज काढून. रेडिओवर कोणाचेच नाक दिसत नाही! ही गोष्ट चित्रपटात असती तर तो जास्त खरा झाला असता, आणि माझ्या नातीला जास्त उपयोगी पडला असता.

मग चित्रपट खोटा आहे का? नाही. जे कथेने लपवले ते नटीने परत मिळवून दिले, असे मी म्हणेन. बार्बरा स्ट्रायसँड ब्रुकलिनची यहुदी मुलगी. तिलाही सुरुवातीला नाक बदल, नाव बदल असे सल्ले मिळाले. नावातला एक 'ए' तिने काढला. आडनाव आणि नाक मात्र ठेवले. वायलरचा कॅमेरा ते नाक लपवत नाही. तो पुन्हा पुन्हा तिच्या बाजूला जाऊन उभा राहतो. शेवटी नवरा सोडून गेल्यावर ती काळ्या कपड्यांत, काळ्या पडद्यासमोर एकटी उभी राहून गाते तेव्हा चेहऱ्याखेरीज पाहायला दुसरे काही नाही. त्या वेळी ही बाई देखणी नाही, असे म्हणायला कोणाची जीभ धजेल? १९६९ च्या ऑस्करला तिला कॅथरीन हेपबर्नच्या बरोबरीने पारितोषिक मिळाले. फॅनीला सुंदर नसल्याबद्दल हसायला लावणारी कथा आणि तिला सुंदर दाखवणारा कॅमेरा, अशी या चित्रपटात ओढाताण आहे. मला कॅमेऱ्याचे म्हणणे पटते.

ज्यांना हे सारे नाटक-सिनेमाचे वाटते, त्यांच्यासाठी बेस मायर्सनची हकिगत सांगते. 'मिस अमेरिका' स्पर्धा अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या गावी १९२१ साली सुरू झाली. पुढे कित्येक वर्षे तिच्या नियमांत स्पर्धक गोऱ्या वंशाची असली पाहिजे, असे लिहिलेले होते. काळ्या वर्णाची पहिली मिस अमेरिका व्हेनेसा विल्यम्स १९८३ साली निवडली गेली, यावरून काय ते समजा. १९४५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातली बेस मायर्सन या स्पर्धेत उतरली. कॉलेज झालेली, पियानो आणि बासरी वाजवणारी, चांगली उंच. स्पर्धेच्या संचालिकेने तिला नाव बदलून 'बेथ मेरिक' घ्यायला सुचवले. यहुदी वाटणार नाही असे नाव. बेसने नकार दिला. सप्टेंबरमध्ये ती स्वतःच्या नावाने जिंकली आणि मिस अमेरिका होणारी पहिली यहुदी स्त्री ठरली. युरोपातल्या छावण्यांची दारे उघडून तेव्हा काही महिनेच झाले होते.

पण मुकुट मिळाला आणि दारे मिटली. नेहमी विजेतीला जाहिरातींत घेणाऱ्या कंपन्यांपैकी काहींनी पाठ फिरवली. दौऱ्यावर यहुद्यांना मज्जाव करणारी ठिकाणे लागली. बेसने दौरा सोडला आणि अँटी-डिफेमेशन लीगतर्फे शाळाशाळांतून द्वेषाविरुद्ध भाषणे देत फिरली. तिच्या चेहऱ्यात परीक्षकांना काही खोट दिसली नव्हती. खोट नावात होती. म्हणजे ही सौंदर्याची मोजपट्टी चेहरा मोजतच नव्हती. कोण आपले आणि कोण परके, हे मोजत होती. फॅनीचे नाक हे त्या परकेपणाचेच दुसरे नाव होते. मला या साऱ्यातून एवढेच कळले, आणि एवढेच सांगायचे आहे.

आपण भारतातून आलेल्या लोकांनी यावर फार ऐटीत बोलू नये. भारतीय बोलपटांच्या आणि मूकपटांच्या जुन्या काळात बगदादी यहुदी मुली पडद्यावर चमकल्या. पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स 'सुलोचना' झाली. कलकत्त्याची एस्तेर व्हिक्टोरिया अब्राहम 'प्रमिला' झाली आणि १९४७ साली 'मिस इंडिया'ही झाली. त्यांचा गोरा रंग पडद्याला हवा होता, नाव मात्र नको होते. बेसने जे नाकारले ते त्यांनी स्वीकारले. त्यांना दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही, त्यांच्यापुढे दुसरा रस्ता फारसा नव्हता.

आणि आपल्या घरात? कोकणात असताना आपल्यात 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असा भेद होता. त्यांच्यात लग्ने होत नसत. शब्द रंगाचे, पण अर्थ कुळाचा. 'काळे' म्हटलेल्यांत उजळ माणसे होती आणि 'गोरे' म्हणवणाऱ्यांत सावळी. म्हणजे आपलीही मोजपट्टी कातडीचे नाव घेई आणि दुसरेच काही मोजी. मग या देशात आलो, तेव्हा दुसऱ्यांनी आपल्यावर पट्टी धरली. साठ सालानंतर रब्बानूतने आपल्या लग्नांवर शंका घेतली तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. १९६४ साली कनेसेतने आपल्या बाजूने कौल दिला. त्या वेळी आपल्याला कसे वाटले होते, ते आठवा. परक्याची पट्टी किती बोचते हे आपल्याला ठाऊक आहे, तर नातीच्या चेहऱ्यावर ती पट्टी आपल्याच हातून धरली जाऊ नये. "पोर चांगली आहे, पण रंग जरा..." हे वाक्य मी स्वतः किती वेळा बोलले आहे, ते मोजले तर लाज वाटेल.

तर 'फनी गर्ल' पाहावा का? अवश्य पाहावा, आणि नातवंडांबरोबर पाहावा. गाणी उत्तम आहेत, स्ट्रायसँड अप्रतिम आहे. मध्यंतरानंतर गोष्ट जरा रेंगाळते आणि ओमर शरीफचा जुगारी नवरा खऱ्या माणसापेक्षा बराच सभ्य करून ठेवला आहे, तेवढे सोसावे. फक्त चित्रपट संपल्यावर लगेच टीव्ही बंद करू नये. १९२३ सालची गोष्ट तोंडाने सांगावी. नाक कापल्यावरही जे हवे होते ते मिळाले नाही, हे सांगावे.

मी नातीला ते दुसऱ्या दिवशी सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे सावता, तिने नाक कापले तरी लोक तिला फॅनीच समजत राहिले." मी म्हटले, "हो." ती म्हणाली, "मग त्यात वाईट काय झाले?"

या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधते आहे. पैसे ती अजून साठवतेच आहे. पण परवा फोनवर तिने माझ्या वडिलांचा जुना फोटो मागितला, बाजूने काढलेला. तो पेटीतून काढून ठेवला आहे. शुक्रवारी येईल तेव्हा देईन.