संरक्षक मंत्रांचा समतोल : ‘शील्ड’ मंत्राचे एक परीक्षण

१९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि पात्राची भूमिका घेऊन टेबलाभोवती खेळावयाच्या खेळांची परंपरा सुरू झाली. या खेळाच्या नियमग्रंथांचा विचार बहुधा खेळाडूंच्या सोयीगैरसोयीच्या दृष्टीनेच केला जातो. वस्तुतः नियमग्रंथ ही एक सलग रचना असते. तिच्यातील एक कलम बदलले की इतर कलमांचे मोल बदलते, आणि त्या मोलावरच कथेतील भय, धैर्य व साहाय्य यांना अर्थ येतो. संरक्षक मंत्रांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. आक्रमक मंत्र वाजवीपेक्षा प्रबळ झाला तर लढाई लवकर संपते, एवढेच. संरक्षक मंत्र प्रबळ झाला तर लढाई चालू राहते, पण तिच्यातील धोका नाहीसा होतो.

या दृष्टीने ‘शील्ड’ हा पहिल्या पातळीवरील साधा मंत्र परीक्षणास घेण्याजोगा आहे. त्याची तीन रूपे तीन निरनिराळी तत्त्वे दर्शवितात.

पहिले रूप १९७८ च्या खेळाडूंसाठीच्या नियमग्रंथातील होय. त्या काळी संरक्षणाचा अंक जितका लहान तितके संरक्षण अधिक, अशी पद्धत होती. या मंत्राने जादूगाराला हाताने फेकलेल्या अस्त्रांविरुद्ध २, यंत्राने सोडलेल्या लहान अस्त्रांविरुद्ध ३ आणि इतर हल्ल्यांविरुद्ध ४ असा ठरीव अंक मिळे. येथे मंत्र काही मिळवीत नव्हता. तो केवळ एक किमान मर्यादा घालून देत होता. ज्याच्या अंगावर आधीच उत्तम चिलखत आहे त्याला त्याचा फारसा उपयोग नव्हता, आणि नसावा हेच त्या रचनेत अभिप्रेत होते.

दुसरे रूप २००३ च्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीतील. येथे मंत्र संरक्षणांकात ४ मिळवतो, परंतु ही वाढ ‘ढालीची वाढ’ या नावाने नोंदलेली आहे. एकाच नावाच्या दोन वाढींची सामान्यतः बेरीज होत नाही, हा त्या आवृत्तीचा दंडक असल्यामुळे हातात खरी ढाल असलेल्यास दोहोंपैकी मोठी तेवढीच वाढ मिळे.

तिसरे रूप २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आले व २०२४ च्या सुधारित ग्रंथात ते जवळजवळ तसेच राहिले. येथे वाढ ५ ची आहे, ती निनावी आहे, आणि ढाल व चिलखत या दोहोंवरही ती चढते. शिवाय हा मंत्र प्रतिक्रिया म्हणून, म्हणजे घाव लागल्याचे कळल्यानंतर, उच्चारावयाचा असतो. साहजिकच तो वाया जाण्याचा संभव फार थोडा. त्याचा प्रभाव पुढील पाळीच्या आरंभापर्यंतच टिकतो हे खरे. पण तेवढ्या अवधीत येणारे सर्व घाव तो अडवू पाहतो.

निनावी वाढीचा परिणाम काय होतो, हे अंकांवरून स्पष्ट होईल. हल्ला करणारा वीस बाजूंचा फासा टाकतो व त्यात आपली अधिकता मिळवतो. ही बेरीज संरक्षणांकाएवढी वा अधिक झाली तर घाव लागतो. ही अधिकता ६ आहे असे धरावे. एक जादूगार चिलखताशिवाय आहे. ‘मेज आर्मर’ मंत्राने व चपळाईच्या २ अंकांनी त्याचा संरक्षणांक १५ होतो. दुसऱ्याने एक पातळी पुरोहितवर्गाची घेऊन ‘हाफ प्लेट’ चिलखत व ढाल वापरण्याचा अधिकार मिळविला आहे. तेवढ्याच चपळाईने त्याचा अंक १९ होतो. वीस हल्ल्यांपैकी पहिल्यास सरासरी १२ व दुसऱ्यास ८ घाव लागतील. ‘शील्ड’ चालू असताना पहिल्याचा अंक २०, दुसऱ्याचा २४. घाव अनुक्रमे ७ व ३.

यावर असा युक्तिवाद संभवतो की, दोघांचेही पाचच घाव वाचले. मग अन्याय कोठे झाला? वजाबाकीपुरते हे म्हणणे बिनतोड आहे. परंतु लढाईत पात्र किती घाव चुकवते यापेक्षा ते किती हल्ले सोसून उभे राहते, हा प्रश्न निर्णायक असतो, आणि त्याचे उत्तर भागाकाराने मिळते. सहा घावांनी पात्र कोसळते असे मानल्यास चिलखतहीन जादूगार मंत्राविना १० हल्ले सोसेल, मंत्र सतत चालू असता सुमारे १७. चिलखतधारी मंत्राविना १५ सोसेल आणि मंत्रासह ४०. एकाच मंत्राने एकाला सात हल्ल्यांची सवड दिली, दुसऱ्याला पंचवीस हल्ल्यांची. जो दुबळा आहे त्याच्यासाठी योजलेला मंत्र जो सबळ आहे त्याला अधिक फळतो, हा या रचनेतील मूळ दोष होय.

मंत्रोच्चाराच्या संख्येला मर्यादा आहे, हा दुसरा आक्षेप. पाचव्या पातळीच्या जादूगाराला पहिल्या श्रेणीचे मंत्र विश्रांतीपर्यंत चारदाच उच्चारता येतात, हे मान्य केले पाहिजे. पण ही मर्यादा दोघांनाही सारखीच आहे. उलट, चिलखतधारीला मुळातच कमी घाव लागत असल्यामुळे मंत्र उच्चारण्याचे प्रसंगही त्याच्यावर कमी येतात. तोच साठा त्याला अधिक काळ पुरतो. अग्निगोलासारख्या ज्या मंत्रांना संरक्षणांक लागूच होत नाही त्यांच्यापुढे ‘शील्ड’ निष्प्रभ ठरतो, हेही खरे. परंतु तेथे दोघेही सारखेच उघडे असल्याने त्या दोघांमधील तफावत त्याने भरून निघत नाही.

२०२४ च्या संशोधनात संरक्षक मंत्रांकडे दुर्लक्ष झाले, असे म्हणता येणार नाही. ‘काउंटरस्पेल’ पूर्वी तिसऱ्या व त्याखालील श्रेणीचा मंत्र आपोआप मोडीत असे; आता विरोधकाला शरीरबळाच्या फाशाने तो वाचविण्याची संधी मिळते, आणि मंत्र मोडला तरी त्यासाठी योजलेली शक्ती खर्ची पडत नाही. हा बदल विवेकाचा आहे. ‘मिरर इमेज’च्या बाबतीत मात्र पाऊल विरुद्ध दिशेने पडलेले दिसते. २०१४ च्या नियमात हल्ला प्रतिबिंबाकडे वळला की प्रतिबिंबाचा स्वतःचा, १० अधिक चपळाई एवढाच, संरक्षणांक पाहिला जाई. मालकाच्या चिलखताचा तेथे काही संबंध नसे. नव्या नियमात मालकाला घाव लागेल तेव्हाच प्रतिबिंबाचा प्रश्न उद्भवतो. म्हणजे चिलखत जितके भक्कम तितकी प्रतिबिंबे दीर्घायुषी. जो गुणाकार ‘शील्ड’मध्ये दोषास्पद होता तोच येथे नव्याने शिरला आहे.

या दोषाचा भार अखेर सूत्रधारावर व इतर खेळाडूंवर पडतो. अभेद्य झालेल्या एका पात्राला धोका वाटावा म्हणून सूत्रधार शत्रूंची अधिकता वाढवितो; पण ते शत्रू सर्वांवरच चालून येतात. अधिकता ६ ऐवजी १० केली तर मंत्र चालू असलेल्या त्या चिलखतधारीला वीसपैकी ७ घाव लागतील. पण शेजारच्या १५ अंकाच्या सोबत्याला, ज्याच्याजवळ असा मंत्र नाही, १६ लागतील. एकाच्या सुरक्षिततेची किंमत दुसऱ्याने मोजावी, असा हा व्यवहार आहे. ज्या खेळाचा पाया सहकार्यावर आहे त्यात ही गोष्ट क्षुल्लक मानता येत नाही.

उपाय परंपरेतच उपलब्ध आहे. मंत्र कमजोर करून ५ चे ३ केल्यास चिलखतहीन जादूगाराचेही नुकसान होईल. तो मार्ग त्याज्य होय. त्याऐवजी २००३ चा दंडक स्वीकारून मंत्राची वाढ व हातातील ढालीची वाढ एकत्र होणार नाही, असे ठरविल्यास चिलखतधारीचा अंक २४ ऐवजी २२ होतो. तेव्हा त्याला वीसपैकी ५ घाव लागतात व तो १५ ऐवजी २४ हल्ले सोसतो. ही वाढ १.६ पट आहे. चिलखतहीनाची सुमारे १.७ पट. दोघांनाही मंत्राचे फळ जवळजवळ सारख्या प्रमाणात मिळते, आणि ५ या अंकाला हातही लावावा लागत नाही.

तात्पर्य, संरक्षक मंत्राचा समतोल त्याच्या अंकात शोधून सापडणार नाही. तो अंक कोणत्या अंकावर चढतो आणि कोणत्या अंकाशी त्याची बेरीज निषिद्ध आहे, यावर तो अवलंबून असतो. पाचव्या आवृत्तीने नियम सुटसुटीत करताना वाढींची नावे बहुतांशी गाळली. सुटसुटीतपणा हा गुण खराच. परंतु त्या नावांबरोबर एक न्यायतत्त्वही गाळले गेले, याची नोंद घेणे आवश्यक आहे.