बरणीवरचे लेबल काय सांगत नाही?

खराडीतल्या एका किराणा दुकानात आम्ही लोणची, सॉस, पापड यांची लेबले वाचत उभे राहिलो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसाला त्यांतून काय कळेल, एवढेच पाहायचे होते.

सोडियमचा आकडा असतो. पण बारीक अक्षरांत, इंग्रजीत आणि १०० ग्रॅममागे. १०० ग्रॅम लोणचे कोण खातो? समजा, आकडा ५००० मिलिग्रॅम आहे. मग १० ग्रॅमच्या फोडीत ५०० मिलिग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ. एका फोडीत पाव हिस्सा संपला! जिभेवरही विसंबता येत नाही. सॉसमधली साखर खारटपणा झाकते. पापडखारातही सोडियम असतेच. दुबळ्या मूत्रपिंडाला ते पुरेसे बाहेर टाकता येत नाही. अंगात पाणी साठते, रक्तदाब चढतो.

आमचा मुख्य आक्षेप आहे तो ‘कमी सोडियम’ या शब्दांवर. अशा मिठात बहुधा सोडियम क्लोराइडच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड घालतात. मूत्रपिंड दुबळे असेल तर पोटॅशियमही रक्तात साठते. फार वाढले तर हृदय बंद पडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये या मिठाची सशर्त शिफारस केली, ती मूत्रपिंडाचे रुग्ण वगळूनच. हा इशारा पाकिटाच्या दर्शनी बाजूवर, मराठीत हवा.

तोवर रिकामी पाकिटे वर्गात आणावीत आणि मुलांना हिशेब करू द्यावा. एखाद्या आजोबांच्या ताटापर्यंत तो नक्की पोचेल.