'सायटोकाइन वादळ' आणि स्नायूंची पुनर्निर्मिती : एका रूपकाची चिकित्सा

२०२० मध्ये गोरेगाव, मुलुंड, दहिसर येथे भव्य कोविड केंद्रे उभी राहिली, त्या काळात 'सायटोकाइन वादळ' हा शब्दप्रयोग वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचला. इंटरल्यूकिन-६ चा रिसेप्टर अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबसाठी रुग्णांचे नातेवाईक उपनगरभर वणवण फिरले. त्या आजाराच्या संदर्भात हे रूपक समर्पक होते. परंतु तेथून ते अध्यापनात शिरले आणि 'दाहकारक सायटोकाइन म्हणजे अपायकारक' हे समीकरण विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत रूढ झाले. स्नायूंच्या बाबतीत हे समीकरण टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अलेक्झांडर माउरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायुतंतूंलगत ज्या सॅटेलाइट पेशी वर्णिल्या, त्या एरवी सुप्त असतात. इजा होताच तेथे जमणाऱ्या मॅक्रोफेज पेशी प्रथम टीएनएफ-आल्फा, इंटरल्यूकिन-१ यांसारखी दाहकारक द्रव्ये स्रवतात. याच टप्प्यात मृत तंतूंचा निचरा होतो आणि सॅटेलाइट पेशींपासून निर्माण झालेल्या पेशींची संख्या वाढते. पुढे त्याच मॅक्रोफेज आपले स्वरूप पालटून दाहशामक होतात व नव्या पेशी परस्परांत विलीन होऊन तंतू घडवू लागतात. हा पालट २००७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसून आला. इजेच्या वेळीच रक्तातील मोनोसाइट पेशी काढून टाकल्या, तर स्नायू पुन्हा घडलाच नाही, हे त्यातील निरीक्षण विशेष बोलके आहे.

इंटरल्यूकिन-६ चे उदाहरण तर या समीकरणाला थेट छेद देते. १९९६ च्या प्रयोगात ते सतत अतिरिक्त प्रमाणात निर्माण करणाऱ्या उंदरांचे स्नायू झिजले. २००८ च्या प्रयोगात ते मुळीच नसलेल्या उंदरांचे स्नायू भार पडूनही पुरेसे वाढले नाहीत. फरक आहे तो काळाचा, प्रमाणाचा आणि उगमस्थानाचा. अर्थात, २००३ पासून रूढ झालेल्या 'मायोकाइन' या संज्ञेच्या आधारे व्यायामाचे सारे श्रेय याच रेणूंना देण्याचा उत्साहही तितकाच एकांगी म्हणावा लागेल.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. अंधेरी-बोरिवलीच्या व्यायामशाळांत अंग दुखले की वेदनाशामक गोळी घेणारे तरुण आपल्याच वर्गात बसतात. स्वीडनमधील २०१८ च्या एका अभ्यासात आठ आठवडे रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन घेणाऱ्या तरुणांच्या मांडीच्या स्नायूंची वाढ, अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे निम्मीच झाली. मात्र वृद्धांवरील २०११ च्या अभ्यासात त्याच औषधाने वाढ अधिक झाल्याचे आढळले होते!

ड्युशेन स्नायुविकारात डिस्ट्रोफिनच्या अभावी इजा वारंवार होते, त्यामुळे दाहाचे टप्पे एकमेकांत मिसळतात आणि तंतूंच्या जागी चरबी व तंतुमय ऊती साठत जाते. तेथे दाह दडपणारी स्टेरॉइड औषधे मुलांचे चालणे काही काळ लांबवतात. निरोगी स्नायू मात्र त्याच औषधांच्या दीर्घ वापराने क्षीण होतात.